रस्ता दरवर्षी त्याच जागी बुडतो; जबाबदार कोण?

प्रश्न : आमचे गाव राज्य मार्गापासून साडेतीन किलोमीटर आत आहे. वाटेत एक नाला आडवा येतो. सात वर्षांपूर्वी रस्त्याचे डांबरीकरण झाले, तेव्हा त्या नाल्यावर सिमेंटच्या दोन लहान नळ्या टाकून मोरी बांधली. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात चार-पाच वेळा तरी रस्त्यावरून पाणी वाहते आणि कधी तीन तास, तर कधी पूर्ण दिवस गावाचा संपर्क तुटतो. दुधाची गाडी परत फिरते, शाळेत गेलेली मुले पलीकडे अडकतात. गेल्या वर्षी एका गरोदर महिलेला ट्रॅक्टरवर बसवून पाण्यातून न्यावे लागले. आम्ही तीन कार्यालयांत अर्ज दिले. पहिल्याने सांगितले, रस्ता आमच्याकडे नाही. दुसऱ्याने सांगितले, काम योजनेतून झाले आहे, त्या यंत्रणेला विचारा. तिसऱ्याने निधी नाही म्हणून हात वर केले. वरच्या अंगाच्या एका शेतकऱ्याने नाल्याचा काठ बुजवून शेत वाढवले आहे, पण भावकीतला माणूस म्हणून कोणी बोलत नाही. गावातील तरुण म्हणतात की रस्ता चार फूट उंच करून मागावा आणि त्यासाठी आंदोलन करावे. कायद्याने ही जबाबदारी कोणाची आणि आम्ही काय करावे?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर :

आदरणीय गुरुजी,

आपल्या पत्रात वरवर पाहता एकच तक्रार आहे. प्रत्यक्षात तिच्यात दोन निरनिराळ्या मागण्या मिसळल्या आहेत आणि तीन कार्यालयांना आपणांस तीन दिशांना पाठवणे सोपे गेले ते बऱ्याच अंशी त्यामुळेच, असे मला वाटते. जी मोरी आज तेथे उभी आहे ती गाळाने आणि काट्याकुट्यांनी भरू न देणे, रस्त्याच्या कडेचे गटार मोकळे ठेवणे, मोरीतून बाहेर पडलेल्या पाण्याला पुढे वाट राहील हे पाहणे, ही झाली देखभाल. ती मोरी मुळातच अपुरी आहे म्हणून तिच्या जागी मोठी मोरी किंवा पूल बांधणे, हे झाले नवे बांधकाम. देखभाल हे ज्याच्या ताब्यात रस्ता आहे त्याचे कर्तव्य आहे आणि ते आपण हक्काने मागू शकता. नव्या बांधकामाच्या बाबतीत मात्र कोणते काम आधी आणि कोणते नंतर हे ठरवण्याचा अधिकार शासनाकडे असतो. तेथे आपला हक्क पुलावर नसून निर्णयावर आहे, म्हणजे आपल्या मागणीची तांत्रिक तपासणी व्हावी आणि होकार असो वा नकार, तो कारणांसह लेखी मिळावा एवढ्यावर आहे. यापुढे या दोन मागण्यांचे दोन स्वतंत्र अर्ज करावेत, हा माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला. सरकारी हिशेबातही त्यांची घरे वेगळी आहेत. अभियंत्यांच्या तोंडी सतत असणारे ‘३०५४’ हे रस्ते व पूल यांवरील महसुली, म्हणजे देखभालीसारख्या चालू खर्चाचे लेखाशीर्ष (हिशेबाचे खाते) आहे, तर ‘५०५४’ हे भांडवली, म्हणजे नव्या बांधकामाच्या खर्चाचे. गाळ काढण्याची मागणी पुलाच्या मागणीला जोडली की ‘पुलाला निधी नाही’ या एका वाक्यात गाळ काढण्याचे कामही बुडते.

आता रस्ता कोणाचा, हे पाहू. महाराष्ट्रात रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असे वर्ग आहेत. सर्वसाधारणपणे राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. साडेतीन किलोमीटरचा, एका गावाला जोडणारा आपला रस्ता बहुधा ग्रामीण मार्ग असावा, पण ‘बहुधा’ या शब्दावर अर्ज करू नये. रस्ते विकास योजनेतील प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो आणि तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात नकाशासह पाहायला मिळतो. किलोमीटरच्या दगडाच्या माथ्यावरचा रंगही थोडी दिशा दाखवतो. पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा, नारिंगी ग्रामीण रस्त्याचा. मात्र रंग देणाऱ्याचा हात कधी चुकतो, आणि मध्यंतरी रस्त्याची दर्जोन्नती होऊन तो एका यंत्रणेकडून दुसरीकडे गेलेला असण्याचीही शक्यता असते. म्हणून आधी क्रमांक मिळवावा आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तो क्रमांक, मोरी कितव्या किलोमीटरवर आहे तो आकडा आणि नाल्याचे नाव लिहावे. ‘आमच्या गावचा रस्ता’ असा उल्लेख असलेला अर्ज टोलवता येतो. क्रमांक आणि साखळी अंतर, म्हणजे तो किलोमीटरचा आकडा, लिहिलेला अर्ज टोलवणे अवघड जाते.

योजनेची सबब थोडी वेगळी आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि तिच्यातील रस्त्यांची काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभाल-दुरुस्ती करण्याचे बंधन त्याच कंत्राटदारावर असते. राज्याच्या मुख्यमंत्री ग्राम सडक योजनेतही पाच वर्षांचीच तरतूद आहे. आपल्या रस्त्याला सात वर्षे झाली, म्हणजे तो काळ उलटला आहे आणि देखभालीचा भार रस्त्याच्या मूळ यंत्रणेवर आला आहे. तरीही योजनेची कागदपत्रे मागवावीत. मोरीचा आकार ठरवताना पाण्याची गणना केली होती का, अंदाजपत्रकात किती नळ्या होत्या आणि प्रत्यक्ष किती टाकल्या, त्या पाच वर्षांत गावाने तक्रार केली असता तिचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे त्या फायलीतच आहेत. पाच वर्षांच्या आत दिलेल्या एखाद्या अर्जाची पोच गावात कोणाकडे असेल तर ती शोधून काढावी; आज तिचे मोल आपल्याला वाटते त्याहून अधिक आहे.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. रस्ते आणि पूल हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्याचा विषय आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, अकरावी अनुसूची जोडली गेली आणि तिच्यातील तेराव्या क्रमांकावर रस्ते, मोऱ्या, पूल आणि जलमार्ग हे विषय पंचायत संस्थांकडे सोपवता येतील असे म्हटले. महाराष्ट्रात ही वाटणी जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ आणि ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ यांच्या अनुसूचींतून होते. येथे ग्रामपंचायतीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. १९५८ च्या अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये ग्रामपंचायतीची कर्तव्ये ‘ग्रामनिधीतून शक्य असेल तितपत’ अशा मर्यादेसह आली आहेत. तेव्हा आपल्या सरपंचांनी पुलासाठी पैसे नाहीत असे म्हटले असेल, तर ते कायद्याला धरून आहे आणि त्यांच्याशी भांडण्यात आपली शक्ती खर्ची घालण्यात अर्थ नाही. हीच सबब जिल्हा परिषदेने किंवा राज्य शासनाने साध्या साफसफाईसाठी सांगितली, तर मात्र ती इतक्या सहज मान्य करू नये.

यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय लक्षात ठेवण्यासारखे आहेत. रतलाम नगरपालिकेच्या १९८० च्या खटल्यात उघडी गटारे आणि दुर्गंधी यांनी त्रस्त झालेल्या रहिवाशांना नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण सांगितले. न्यायालयाने ते फेटाळले आणि कायद्याने घातलेले प्राथमिक कर्तव्य निधीच्या अभावाच्या नावाखाली टाळता येणार नाही असे म्हटले. दुसरा निर्णय हिमाचल प्रदेशचा, १९८६ मधला, उमेद राम शर्मा यांच्या प्रकरणातला. डोंगराळ भागातील माणसांसाठी रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे अनुच्छेद २१ चा, भाग आहे असे न्यायालयाने त्यात मान्य केले, पण त्याच निर्णयात पैसा कोठे आणि किती खर्च करायचा हे ठरवणे मुळात शासनाचे आणि विधिमंडळाचे काम आहे, हेही बजावले. हे दोन निर्णय शेजारी ठेवले की मी आरंभी केलेली विभागणी कोठून आली ते आपल्या ध्यानात येईल. वृत्तपत्रांतून पहिल्या अर्ध्या भागाचेच मथळे होतात आणि मग गावे एका जनहित याचिकेत पूल मिळेल या भरवशावर बसतात.

अधिकाऱ्यांकडून आपणांस ‘नैसर्गिक आपत्ती’ हा शब्दप्रयोगही ऐकावा लागेल, पूर्वी ऐकावा लागलाही असेल. त्याला उत्तर देण्यासाठी रागापेक्षा आकडे उपयोगी पडतात. राज्यात महसूल मंडळ पातळीवर पाऊस मोजणारी स्वयंचलित केंद्रे आहेत आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर त्याला शासन अतिवृष्टी समजते. ज्या ज्या दिवशी रस्ता बुडाला त्या त्या दिवसाचा आपल्या मंडळातील पाऊस तहसील किंवा कृषी कार्यालयातून मिळवून एका कोष्टकात मांडावा. त्यात ३० किंवा ४० मिलिमीटर पावसाचे दिवस निघाले, तर आपत्तीचा युक्तिवाद तेथेच संपतो. साध्या पावसात जो रस्ता बुडतो त्याचा दोष आभाळाकडे जात नाही. उलट प्रत्येक वेळी शंभरीपार पाऊस झाला असे दिसले, तर तेही प्रामाणिकपणे मान्य करावे, कारण मग आपली मागणी साफसफाईपेक्षा मोरीच्या आकाराकडे वळवावी लागेल.

त्या आकाराचा हिशेब आपल्यासारख्या शिक्षकाला वर्गात मांडता येईल इतका सोपा आहे. समजा, मोरीच्या वरच्या अंगाला केवळ एक चौरस किलोमीटर क्षेत्राचे पाणी नाल्यात उतरते आणि एका तासात ५० मिलिमीटरची सर येते. त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरले वा अडले असे धरले, तरी उरलेले २५ हजार घनमीटर पाणी एका तासात मोरीपाशी येते, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ घनमीटर. आता ६० सेंटिमीटर व्यासाची नळी पूर्ण भरून, सेकंदाला २ मीटर वेगाने वाहत असेल तर ती सेकंदाला अर्ध्या घनमीटरहून जरासे अधिक पाणी नेते आणि दोन नळ्या मिळून सव्वा घनमीटरही नेत नाहीत. उरलेले पाणी जाणार कोठे? ते रस्त्यावर चढते. त्यात एका नळीच्या तोंडाशी बाभळीची फांदी अडकली आणि तिला पालापाचोळा धरला, की नुसत्या सरीनेही मोरी तुंबते. व्यास दुप्पट केला तर नळीचे क्षेत्रफळ चौपट होते आणि फांदी अडकण्याची भीतीही कमी होते, म्हणून लहान लहान अनेक नळ्यांपेक्षा एक मोठी नळी किंवा चौकोनी स्लॅबची मोरी बहुतेक वेळा चांगली. आपल्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र खरे किती आहे ते मृद व जलसंधारण विभागाच्या किंवा भूमी अभिलेखाच्या नकाशावरून काढता येते. अंतिम गणना अभियंत्याचीच, परंतु हा कच्चा हिशेब अर्जाला जोडला म्हणजे समोरचा माणूस ‘पाहू’ म्हणण्याआधी कागद वाचतो, असा माझा अनुभव आहे.

तरुणांच्या मागणीविषयी मला स्पष्टपणे लिहिले पाहिजे. रस्ता चार फूट उंच करा ही मागणी ऐकायला बरी वाटली, तरी मोरी तीच ठेवून भराव वाढवला तर तो भराव नाल्यावरचा बांध होतो. पाणी रस्त्यावरून जायचे थांबेल आणि वरच्या अंगाच्या शेतांत व घरांत साचेल. पुढे एखाद्या मोठ्या पावसात ते भरावावरून उलटले, तर मुरूम आणि डांबर दोन्ही घेऊन जाईल आणि आज जो रस्ता तीन तास बंद राहतो तो तीन महिने बंद राहील. शिवाय वरच्या शेतकऱ्यांचे नुकसान झाले तर त्याची भरपाई मागताना ते आपल्याच आंदोलनाकडे बोट दाखवतील. रस्त्याची उंची आणि पाण्याची वाट यांचा निर्णय एकाच गणनेतून व्हायला हवा. आपण ‘रस्ता उंच करा’ असे न म्हणता ‘या जागेचे जलशास्त्रीय सर्वेक्षण करून योग्य उपाय सुचवा’ असे म्हणावे. तो उपाय पूल असेल, पेटीसारखी मोरी असेल, नाला खोल-रुंद करणे असेल किंवा फरशी पूलही असेल. फरशी पुलाचे नाव काढले की गावाला फसवणूक वाटते, हे मला ठाऊक आहे. पण थोड्या वाहतुकीच्या रस्त्यावर वर्षातून मोजके तास पाणी वरून जाऊ देणे हा अभियांत्रिकीतला मान्य पर्याय आहे. फक्त मग कडेला मार्गदर्शक खांब हवेत, पाण्याची खोली दाखवणारी पट्टी हवी, काँक्रीट वाहून जाणार नाही असे बांधकाम हवे आणि बंद राहण्याचे तास खरोखर मोजके हवेत. आपल्या रस्त्यासारखा पूर्ण दिवस बंद राहणारा फरशी पूल कोणी सुचवला, तर तो स्वीकारू नये.

भावकीतल्या त्या शेताचा विषय आपण पत्रात एका ओळीत उरकला आहे. मला मात्र तो सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी असण्याची शक्यता दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, त्यांच्या कडेचे चर आणि नद्या-नाल्यांची पात्रे ही, कोणाची वेगळी कायदेशीर मालकी सिद्ध होत नसेल तर, शासनाची मालमत्ता आहे. नाल्याचे पात्र बुजवून पेरणी केली असेल, तर ते शासकीय जमिनीवरील अतिक्रमण आहे आणि ते कलम ५० खाली हटवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. गावनकाशावर नाल्याची रुंदी दिसते; तलाठ्याकडून त्याची नक्कल घ्यावी आणि भूमी अभिलेखाच्या उपअधीक्षकांकडे शासकीय मोजणीची मागणी ग्रामपंचायतीने करावी, म्हणजे भावकीत कोणा एकाचे नाव पुढे येत नाही. याशिवाय मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ हा जुना पण आजही कामाचा कायदा आहे. नैसर्गिक रीतीने वाहणारे पाणी कोणी बेकायदा अडवले आणि त्यामुळे दुसऱ्याच्या शेतीचे नुकसान होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर तो अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार कलम ५ खाली देऊ शकतात. हा दावा ज्याच्या शेतात पाणी शिरते त्याने करायचा असतो, नुसता रस्ता बुडतो या कारणावर तो चालत नाही. आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल करावा लागतो. सार्वजनिक वाट किंवा जलप्रवाह यांतील बेकायदा अडथळ्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ म्हणून ओळखले जात असे. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे कोणताही नागरिक जाऊ शकतो. रतलामचा खटला याच कलमातून उभा राहिला होता.

हे सर्व करण्यापूर्वी त्या शेतकऱ्याकडे दोन वडीलधाऱ्या माणसांनी जाऊन बोलावे, हे मी आपणांस सांगायला नको. पण बोलून झाले आणि काही हलले नाही, तर भावकीचा संकोच बाजूला ठेवावा. तो अडथळा तसाच ठेवून शासनाने लाखो रुपयांची मोरी बांधली, तरी पाणी पूर्वीच्याच जागी चढेल, आणि त्या वेळी ‘काम करून दिले होते’ हे अधिकाऱ्यांचे उत्तर खरे असेल.

आता कागदांकडे येऊ. सर्वप्रथम माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे अर्ज करावा. आपल्या राज्यात तो १५० शब्दांत आणि एकाच विषयापुरता असावा लागतो, शुल्क १० रुपये. ‘मोरी का तुंबते’ असे कारण विचारू नये, कारण माहिती अधिकारात अस्तित्वात असलेली कागदपत्रेच मिळतात, खुलासे मिळत नाहीत. रस्त्याचा वर्ग व क्रमांक, तो सध्या कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद, मोरीचे अंदाजपत्रक आणि पाण्याची गणना, गेल्या तीन वर्षांत मोरी व बाजूची गटारे साफ केल्याच्या नोंदी आणि त्यांवरचा खर्च एवढेच मागावे. ज्या कार्यालयाकडे ती माहिती नाही, त्याने पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवावा असे कलम ६(३) सांगते; ‘रस्ता आमच्याकडे नाही’ म्हणणाऱ्या कार्यालयाला मग तो कोणाकडे आहे हे त्यामुळे लिहून द्यावे लागते. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे. याच कायद्यात कामाच्या प्रत्यक्ष पाहणीचाही हक्क आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

त्यानंतर ग्रामसभेचा ठराव. ठरावात भाषण नको. किती वेळा, किती तास, किती खोल पाणी आले आणि कोणाचा काय खोळंबा झाला, एवढे तारखांसह यावे. ठरावाची प्रत जोडून देखभालीचा अर्ज उपअभियंत्याकडे आणि नव्या बांधकामाचा अर्ज कार्यकारी अभियंता व मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे द्यावा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावी. पहिल्या अर्जात ‘पावसाळ्यापूर्वी मोरीची दोन्ही तोंडे आणि खालच्या अंगाचा नाला गाळमुक्त करावा व तसे केल्याचा पाहणी अहवाल द्यावा’ इतकी नेमकी मागणी असावी. दुसरा अर्ज मात्र पावसाळा संपताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये द्यावा. जिल्हा वार्षिक योजनेचे आराखडे हिवाळ्यात आकार घेतात आणि जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मार्चमध्ये येते. जूनमध्ये पाण्यात उभे राहून दिलेल्या निवेदनाचे छायाचित्र छापून येते, परंतु त्या वर्षाचा निधी तोवर वाटून झालेला असतो. आपल्या जिल्हा परिषद सदस्यांना आणि आमदारांना त्याच सुमारास भेटावे. आंदोलनाला माझा विरोध नाही. मात्र ते कागद पूर्ण झाल्यावर, लेखी नकार किंवा लेखी मौन हातात असताना करावे.

वर जाण्याच्या पायऱ्या आपणांस माहीत असतीलच : राज्याच्या ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरील तक्रार, जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन, आणि प्रशासनाची दिरंगाई सिद्ध करता येण्याजोगी असेल तर लोकायुक्त. आपत्ती सौम्यीकरणासाठी राज्याकडे वेगळा निधी असतो आणि जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे वारंवार बुडणाऱ्या जागांच्या यादीत आपली मोरी यावी अशी मागणी त्यांच्याकडे स्वतंत्रपणे करणे योग्य ठरेल. एवढे करूनही वर्षभरात देखभालीचे काम झाले नाही, तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली जाता येते. तेथे पुलाची नव्हे, तर मोरी साफ ठेवण्याची आणि ठरावीक मुदतीत सर्वेक्षण करून निर्णय घेण्याची मागणी करावी. ती मान्य होण्याची शक्यता कितीतरी अधिक. खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांच्यासोबत पुराच्या आपत्तीत सापडलेल्यांनाही मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे. ज्या महिलेला ट्रॅक्टरवरून न्यावे लागले ती स्वतः अर्जदार होण्यास तयार असेल, तर या दोन्ही दृष्टींनी तिचा अर्ज बळकट ठरेल. तिच्यावर दबाव मात्र आणू नये.

राहता राहिला येणारा पावसाळा, कारण यांतील कोणतेही काम तोवर पूर्ण होईल असे मी आपणांस सांगू शकत नाही. वाहते पाणी अर्धा फूट खोल असले तरी उभ्या माणसाचा पाय उचलते, एक फुटात लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फुटांत बहुतेक वाहने वाहून जातात. ट्रॅक्टर जड म्हणून सुरक्षित, हा समज घातक आहे, विशेषतः पाण्याखालचा डांबराचा कडा खचला आहे की नाही हे दिसत नसताना. मोरीच्या दोन्ही बाजूंना फुटांच्या खुणा रंगवलेले दोन खांब उपअभियंत्यांकडून बसवून घ्यावेत. हा खर्च इतका किरकोळ आहे की तो नाकारायला कोणालाही संकोच वाटेल. अर्ध्या फुटाच्या खुणेवर पाणी आले की रस्ता बंद, हे ग्रामपंचायतीने दवंडीने किंवा मोबाइलवरील संदेशाने सर्वांना आधीच कळवावे. शाळेच्या मुख्याध्यापकांना पलीकडच्या मुलांची यादी द्यावी आणि अडकल्यास ती कोणाच्या घरी थांबतील हे पालकांशी बोलून ठरवावे. ज्या महिलांचे दिवस जुलै ते सप्टेंबरमध्ये भरतात त्यांची नावे आशाताईंकडे असतातच. त्यांना आधीच रस्त्यापलीकडे नातेवाइकांकडे हलवण्याची सोय करता येईल. त्या खांबांवर पाणी कोठवर चढले याची तारीख, वेळ आणि छायाचित्र आपल्या शाळेतल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने वहीत नोंदवत जावे, आणि ऑक्टोबरमध्ये दुसरा अर्ज लिहिताना ती वही त्याला जोडावी.